मुहूर्ताचा लोड

डोंबिवली,
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय ऋजूताई,

एरवी मी तुला दोन ओळींच्या वर काही पाठवत नाही, त्यामुळे एवढा लांब ई-मेल बघून घाबरू नकोस. घाबरायचं काम मी एकटी व्यवस्थित करतेय.

फोनवर हे बोलता येत नाही. तुझा फोन आला की सासूबाई समोरच्या खुर्चीत येऊन बसतात आणि म्हणतात, "स्पीकरवर टाक गं, मलाही कळू दे." त्यांचा हेतू वाईट नाही, पण स्पीकरवर कुणाला रडता येतं का? ई-मेल त्या उघडत नाहीत, आणि यज्ञेशला माझं काही दोन परिच्छेदांपुढे वाचवत नाही. नवरा आहे, चालायचंच. तेव्हा बाळ होईपर्यंत आपण पत्रंच लिहू या.

बाळ पायाळू आहे आणि आता काही फिरणार नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे सिझेरियन. तारीख पंधरा. ती डॉक्टरबाईंनी नाही, सासूबाईंच्या गुरुजींनी काढली. पुष्य नक्षत्र आहे म्हणे. डॉक्टरबाई हसल्या आणि म्हणाल्या, "आठवडाभर इकडे-तिकडे मला चालेल." सासूबाईंनी तेवढ्यात पेढ्यांची ऑर्डरसुद्धा देऊन टाकली.

पोट कापतील त्याची मला भीती नाही वाटत. भीती वाटते ती त्यानंतरची. आजीची धाकटी बहीण बाळंतपणाच्या तापात गेली, हे आजी किती वेळा सांगायची. तेव्हा ती गोष्ट वाटायची. आता जरा डोळा लागला की तीच आठवते. तू त्या लाइनीत आहेस म्हणून विचारते, आता असं होत नाही ना गं? खरं सांग. मला धीर देण्यापुरतं सांगू नकोस.

तुझी,
हेमांगी

*

ठाणे,
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय हेमू,

मी "त्या लाइनीत" वगैरे काही नाही. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात बसते. आमच्याकडे ऑपरेशनचे गाऊन, चादरी, गॉज यांचे गठ्ठे बांधतात, वाफेच्या मोठ्या यंत्रात घालून निर्जंतुक करतात आणि छोट्या नर्सिंग होमना पुरवतात. मी फक्त कॉम्प्युटरवर नोंद ठेवते. डॉक्टर म्हणून माझी लायकी तुझ्या सासूबाईंच्या गुरुजींएवढीच.

पण तू खरं विचारलंस, म्हणून खरं सांगते. आता तसं होत नाही, आणि का होत नाही त्याचा एक लहानसा तुकडा माझ्या टेबलावर आहे. यंत्रात गेलेला प्रत्येक लोड पूर्ण तापल्यावर अर्धा तास तसाच ठेवावा लागतो. ती वेळ यंत्र मोजतं आणि माझ्या शीटमध्ये पाठवतं. अर्धा तास भरला तर चौकट हिरवी होते, कमी पडला तर लाल. लाल आला की आख्खा लोड पुन्हा लावायचा. हिरवं बघितल्याशिवाय आमच्या मालनताई गठ्ठा टेम्पोत चढू देत नाहीत. ते शीट मी बनवलंय आणि त्यात आजवर कुणाला चूक सापडलेली नाही, हे जरा मिरवून सांगते. आणि बाईसाहेब, तुझ्या डॉक्टरबाईंकडे आमचेच गठ्ठे जातात! म्हणजे तुझं ऑपरेशन निम्मं मीच करणार म्हण ना.

दसऱ्याची गंमत ऐक. आमच्या मालकांनी, हरिहरसाहेबांनी, नवं यंत्र आणि नवा कॉम्प्युटर आणलाय. दोघांना झेंडूचे हार, दोघांना हळदकुंकू. कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यात कुंकू अजून आहे, पुसायला कुणी धजत नाही. हरिहरसाहेब म्हणाले, "मुहूर्ताला रिकामं यंत्र चालवू नये, अपशकुन असतो." म्हणून त्यात खरेखुरे गठ्ठे भरले. नारळ फुटला, बटण दाबलं, टाळ्या झाल्या, फोटो झाले. आणि यंत्र नीट तापून पाच-सहा मिनिटं होतात न होतात तोच साहेबांनी ते बंद करायला लावलं, कारण जिलबी गार होत होती. मी म्हटलं, हा मुहूर्ताचा लोड पुन्हा लावायचा बरं का. सगळे "हो हो" म्हणाले, जिलबी तोंडात असताना म्हणतात तसं.

तेव्हा तू खा, पी आणि सासूबाईंना स्पीकरवर एखादं भजन ऐकव. पंधरा तारखेला मी सुट्टी टाकलीय.

तुझी,
ऋजूताई

*

[मसुदा. पाठवला नाही.]

ठाणे,
७ ऑक्टोबर २०२५

हेमू,

काय लिहू आणि कसं लिहू. माझ्या तोंडचं पाणी पळालंय.

आज मालनताई सहज म्हणाल्या, "ताई, नवं मशीन झ्याक आहे हां. दसऱ्यापासून एकदापण लाल नाय आलं." हसून म्हणाल्या, आणि मी खुर्ची ओढून तशीच कॉम्प्युटरपुढे बसले. कारण एक लाल यायलाच हवा होता. मुहूर्ताचा.

मी शीट उघडलं. मुहूर्ताच्या लोडसमोर वेळ बरोबर आलेली, सहा मिनिटं. आणि शेजारची चौकट हिरवीगार. मला वाटलं, डोळे फिरले. मग लक्षात आलं की सगळ्या वेळा चौकटीत डावीकडे चिकटून बसल्यात. शीटमध्ये आकडे आपसूक उजवीकडे टेकतात आणि अक्षरं डावीकडे. म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या लेखी ती वेळ नव्हतीच, नुसती अक्षरं होती. जुन्या कॉम्प्युटरवर दुसरं सॉफ्टवेअर होतं. यंत्राकडून येणारी वेळ ते स्वतःहून आकडा करून घ्यायचं. नवं तसं करत नाही. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. आणि माझं शीट काय विचारतं? ही वेळ अर्ध्या तासापेक्षा कमी आहे का? कॉम्प्युटरच्या नियमात कुठलंही अक्षर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठंच धरतात. तो म्हणतो, नाही, कमी नाही. पास.

मी एक मिनिट टाकून बघितलं. हिरवं. शून्य टाकून बघितलं. हिरवं. मग काय सुचलं कोण जाणे, त्या चौकटीत तुझं नाव टाइप केलं. हेमांगी. हिरवं झालं.

बाकीचे सगळे लोड मी एकेक डोळ्यांनी तपासले. ते पूर्ण अर्धा तास चाललेत. फक्त हा एक नाही. तो पुन्हा लावायचा राहिला, हिरवं दिसलं म्हणून मालनताईंनी सोमवारी टेम्पोत चढवला, आणि तो तीन ठिकाणी गेला. काही गठ्ठे कल्याणला, काही ठाकुर्लीला आणि काही तुझ्या डॉक्टरबाईंकडे.

मी हरिहरसाहेबांकडे धावले. ते म्हणाले, "पट्टी काळी पडली होती ना?" गठ्ठ्यावर एक पट्टी असते, उष्णता लागली की ती काळी पडते. पण लागली एवढंच ती सांगते, पुरेशी लागली का ते सांगत नाही. हे त्यांनाही ठाऊक आहे. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "आठवड्याभरात मी गठ्ठे बदलून आणतो. नवीन पॅकिंग आलंय म्हणून सांगू. तोवर एक शब्द बाहेर जाता कामा नये. गाळ्याला कुलूप लागलं तर या बाया कुठे जातील?" मी काचेतून मालनताईंकडे बघितलं. त्या गाऊनची घडी घालत होत्या. मी गप्प बसले.

हे वाचून तू झोपणार नाहीस. ज्या तापाची तुला भीती वाटते, नेमकं तेच मी तुला कसं सांगू? हे पत्र पाठवत नाही.

*

ठाणे,
८ ऑक्टोबर २०२५

प्रिय हेमू,

घाईत लिहितेय. तुझी तारीख आठवडाभर पुढे जाते का बघ. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या ना, इकडे-तिकडे चालेल? नाहीतर सरळ ठाण्याला ये, इथल्या एखाद्या हॉस्पिटलात करू. माझ्याकडेच राहा.

कारण विचारू नकोस. डॉक्टरबाईंना माझं नाव सांगू नकोस. काळजीचं काही नाही.

ऋजूताई

*

डोंबिवली,
८ ऑक्टोबर २०२५

ताई,

"काळजीचं काही नाही" हे लिहिताना तुझा हात कसा नाही अडखळला? तीन दिवसांपूर्वी माझं निम्मं ऑपरेशन करायला निघालेली तू आज म्हणतेस ये ठाण्याला, आणि कारण विचारू नकोस!

मला कळलंय. बाळात काहीतरी आहे. गेल्या सोनोग्राफीला तो डॉक्टर बोलता बोलता गप्प झाला होता आणि त्याने शेजारच्या खोलीतून दुसऱ्याला बोलावलं होतं. दोघं पडद्याकडे बघत होते आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटत होते. मी विचारलं तर म्हणाले, सगळं नॉर्मल. तुमचं आणि डॉक्टरबाईंचं रोजचं येणं-जाणं. त्या तुमच्या ऑफिसात कुणाजवळ तरी बोलल्या असणार आणि ते तुझ्या कानावर आलं असणार. म्हणूनच मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं आणि म्हणूनच तुझं नाव सांगायचं नाही. बरोबर ना?

काय आहे ते सांग. हृदयाला भोक आहे का? सासूबाईंच्या भाचीच्या बाळाला होतं. ऑपरेशनने नीट होतं म्हणे. मी सगळं ऐकून घेईन, पण मला अशी अंधारात ठेवू नकोस गं.

हेमांगी

*

ठाणे,
९ ऑक्टोबर २०२५

हेमू,

वेडी आहेस का? बाळ ठणठणीत आहे. आईची शपथ घेऊन सांगते, मला बाळाबद्दल काही म्हणजे काही कळलेलं नाही आणि काही नाहीच आहे. तो सोनोग्राफीवाला दुसऱ्याशी बहुतेक जेवणाच्या डब्याबद्दल बोलत असेल.

माझ्या कामातली एक भानगड आहे. ती येत्या आठवड्यात निस्तरेल. तेवढ्यासाठी म्हटलं की पुढे ढकल. तू पोटभर जेव. एवढं ऐक माझं.

ऋजूताई

*

डोंबिवली,
१० ऑक्टोबर २०२५

ताई,

तुझ्या कामातल्या भानगडीचा आणि माझ्या पोटातल्या बाळाचा काय संबंध? लहानपणी मांजर मेलं तेव्हाही तू मला ते गावाला गेलंय म्हणून सांगितलं होतंस, तेही आईची शपथ घेऊन.

सकाळपासून बाळ हललं नाही. निदान मला तरी जाणवलं नाही. दूध प्यायले, डाव्या कुशीवर झोपले, पोटाला हाका मारल्या. शेवटी यज्ञेशने रिक्षा बोलावली. डॉक्टरबाईंनी ठोके ऐकवले. ते व्यवस्थित होते, आणि त्यांच्या खोलीत पोचल्याबरोबर बाळाने लाथही मारली. पण मी रडायची थांबेना. मी म्हटलं, डॉक्टर, आता थांबायला नको, काढून टाका, जे काही असेल ते मला डोळ्यांनी बघू दे. त्यांनी माझं ब्लडप्रेशर बघितलं. वाढलं होतं. म्हणाल्या, दिवस भरत आलेत, इतकी घाबरणार असशील तर थांबण्यात अर्थ नाही. उद्या सकाळी ये.

तू म्हणालीस पुढे ढकल, मी अलीकडे आणली. पुष्य नक्षत्र गेलं खड्ड्यात. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीयेत, हा त्यातल्या त्यात फायदा.

माझा फोन यज्ञेशकडे राहील. तुझा फोन घ्यायचा नाही, असं मी त्याला बजावलंय. तू खरं सांगणार नाहीस आणि मी पुन्हा रडेन, आणि रडत रडत मला त्या टेबलावर जायचं नाही. हे पत्र वाचशील तेव्हा मी कदाचित आत असेन.

हेमांगी

*

नर्सिंग होम, डोंबिवली,
१२ ऑक्टोबर २०२५

ताई,

मुलगी रात्रभर टिपेला रडली आणि आता शहाण्यासारखी झोपलीय, म्हणून एका हाताने फोनवर लिहितेय. तिचं हृदय, बोटं, कान, सगळं जागच्या जागी आहे. आता सासूबाई तिच्याशी बोलतात, माझ्याशी अजून नाही.

काल तू निघून गेलीस, आणि आपलं नीट बोलणं झालंच नाही. मला अजून ते सगळं डोळ्यांसमोर दिसतं. मी हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरवर पडलेली, हाताला सलाइन, आणि बाहेर तुझा आवाज. मला आधी वाटलं भास होतोय. तू ओरडत होतीस, "तो गठ्ठा उघडू नका! डॉक्टर, तो गठ्ठा उघडू नका!" वॉचमन तुझा दंड धरून उभा होता आणि तुझ्या एका पायात चप्पल नव्हती. डॉक्टरबाई बाहेर आल्या. तू सगळं एका दमात सांगितलंस. मुहूर्त, जिलबी, हिरवी चौकट. त्यांनी एवढंच विचारलं, "कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" तू म्हणालीस, "मंगळवारपासून." मी त्यांचा चेहरा बघितला.

त्यांनी तुमचे सगळे गठ्ठे बाजूला काढले, आपल्या छोट्या यंत्रात कपडे लावले आणि पुरता वेळ होईपर्यंत घड्याळ धरून स्वतः त्याच्यापाशी उभ्या राहिल्या. तोवर तू माझा हात धरून रडत होतीस. खरं सांगू? तुझ्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. तू मला गठ्ठ्यांचं सांगितलं असतंस तर मी घाबरले असते, पण ज्याला घाबरायचं त्याला घाबरले असते. तीन दिवस मी माझ्या पोटातल्या पोरीला घाबरले, आणि तुझ्यामुळेच तारीख अलीकडे आणून आगीतून फुफाट्यात उडी मारायला निघाले. पण तू आलीस. तेवढ्यावर मी तुला माफ केलंय, निदान बरीचशी.

आता मुद्द्याचं. माझ्या शेजारच्या कॉटवर भाविका आहे. मोठागावची, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. वय माझ्याहून कमी, पहिलाच मुलगा. तिचं सिझेरियन गुरुवारी झालं, म्हणजे तू यायच्या दोन दिवस आधी. गठ्ठ्यावरचा लोड-नंबरचा स्टिकर हे लोक पेशंटच्या कागदांवर चिकटवतात. काल डॉक्टरबाई तिचे कागद उलटत असताना मी त्यांच्याकडे बघत होते. त्या मध्येच थांबल्या. मग नर्सला बोलावून तिची औषधं बदलली, जोरदार इंजेक्शनं सुरू केली. तिला म्हणाल्या, "खबरदारी म्हणून."

आज सकाळी तिला ताप आलाय.

ती मला विचारते, "ताई, तुमी माज्याकडं असं काय बगता सारखं?" मी काय सांगू? तिची सासू ठमाबाई दारात बसून असते. ती नर्सला विचारते आणि नर्स म्हणते, बाळंतिणीला येतो कधी कधी. मला माहीत आहे आणि त्यांना माहीत नाही. अंधारात ठेवलेल्या माणसाला काय होतं ते मी नुकतंच भोगलंय, ताई. तू ये आणि त्यांना सांग.

हेमांगी

*

ठाणे,
१३ ऑक्टोबर २०२५

प्रिय हेमू,

तुझं पत्र वाचल्यापासून मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालतेय.

इकडचं सांगते. कल्याण आणि ठाकुर्ली, दोन्हीकडे मी शनिवारीच तुझ्याकडून निघाल्यावर रिक्षातूनच फोन केले. कल्याणचे गठ्ठे बांधलेले तसेच होते. ठाकुर्लीला एक उघडला होता, एकाचा अंगठा शिवायला. तो माणूस बरा आहे. म्हणजे राहिली ती एकटी भाविका. हरिहरसाहेबांनी मला घरी बसायला सांगितलंय. म्हणाले, "तुम्हाला आठवडा मागितला होता, तेवढाही दम धरवला नाही." मालनताईंचा फोन आला होता. मला वाटलं शिव्या देतील. त्या रडत होत्या. "मी चढवला वो टेम्पोत, माज्या हातानं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्यांना काय ठाऊक होतं? त्यांनी हिरवं बघितलं. हिरवं मी दाखवलं.

डॉक्टरबाईंनी औषधं सुरू केलीत ना? मग मी येऊन आणखी काय होणार, असं मनाला समजावून बघितलं. पटलं नाही. खरं कारण सांगते, मला भीती वाटते. त्या माणसांची, पोलिसांची, आणि सगळ्यात जास्त तिच्या तापाची. मी समोर उभी असताना तो वाढला तर? ती पोर गेली तर? हेमू, माझ्याच्याने होणार नाही. तू तिच्यावर लक्ष ठेव आणि मला कळव.

ऋजूताई

*

नर्सिंग होम, डोंबिवली,
१३ ऑक्टोबर २०२५

ताई,

मी त्यांना सांगितलं. डॉक्टरबाईंना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, मीच सांगायला हवं होतं, आणि माझ्याबरोबर येऊन उभ्या राहिल्या.

भाविकाने बाळ जवळ ओढलं. ठमाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. फक्त विचारलं, "ती बाय कुठं हाय?"

ताप अजून आहे, सकाळपेक्षा जास्त. मला उद्या घरी सोडताहेत. पुढचं तुझं तू बघ.

हेमांगी

*

नर्सिंग होम, डोंबिवली,
१६ ऑक्टोबर २०२५

प्रिय हेमू,

वर पत्ता वाचून दचकू नकोस. मी बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. तू चौदाला घरी गेलीस त्या दिवशी मी जिन्यापर्यंत येऊन दोनदा परत फिरले होते. तू दिसली असतीस तर तुझ्या पदराआड लपले असते. तू गेल्यावर संध्याकाळी वर चढले.

ठमाबाई दारातच होत्या. मोठं कुंकू, हिरवं लुगडं, पाय पसरून भिंतीला टेकलेल्या. मी नाव सांगितलं. सगळं सांगितलं, त्यांना कळेल असं. म्हटलं, "वाफेत अर्धा तास ठेवायचं ते पाच-सहा मिनिटं ठेवलं, आणि माझ्या कॉम्प्युटरने तरी चालेल म्हणून सांगितलं. तो माझा कॉम्प्युटर होता, आणि मला कळल्यावरही मी तीन-चार दिवस गप्प बसले. त्या दिवसांत तुमच्या सुनेचं ऑपरेशन झालं."  हेमू, हे शेवटचं मी तुलाही लिहिलं नव्हतं. मी मंगळवारी बोलले असते तर गुरुवारी भाविकासाठी दुसरा गठ्ठा उघडला असता. मी तुझ्यासाठी धावले. तिच्यासाठी कुणी धावलं नाही, कारण ती कुणाची आहे हे मला माहीत नव्हतं.

 ठमाबाई म्हणाल्या, "आथां काय, पाया पडशील नि जाशील घरा?"

मी म्हटलं, "तुम्ही सांगाल ते करीन."

"बस मंग हतं," त्या म्हणाल्या. "माजी पोर उठं तवर बस. मी एकटीनं किती भिऊ?"

म्हणून बसलेय. रात्री घरी जाते, सकाळी येते. पहिल्या दिवशी त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. नर्स थर्मामीटर घेऊन आत गेली की आम्ही दोघी दाराकडे बघायचो. ती बाहेर आली की मी तिच्या तोंडाकडे बघायचे आणि ठमाबाई माझ्या तोंडाकडे. परवा रात्री ताप इतका चढला की भाविका बरळायला लागली, असं काल आल्यावर कळलं. मी इथे नव्हते याचं मला बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची इतकी लाज वाटली की काल मी जेवायलासुद्धा उठले नाही. बाकावर बसून फक्त एकच जप चालला होता, उतरू दे, उतरू दे. माझा देवावर किती विश्वास आहे तुला ठाऊक आहे. काल होता.

डॉक्टरबाई दुपारी माझ्याजवळ थांबल्या. म्हणाल्या, "शनिवारी तुम्ही सांगितलं म्हणून तेव्हाच औषध सुरू झालं. ताप आल्यावर शोधत बसले असते तर अवघड होतं." मला त्याने बरं वाटलं नाही. शनिवार, शनिवार. मंगळवार का नाही?

आज सकाळी नर्स आत गेली. बाहेर आली तेव्हा फोनवर बोलत होती, तिच्या तोंडावरून काही कळेना. ती तशीच पुढे निघून गेली. मी उठून उभी राहिले, पण आत जायचा धीर होईना. आतून बाळाचा आवाज येत होता, भाविकाचा येत नव्हता. तशीच पुन्हा बसले.

मग ठमाबाई बाहेर आल्या. डोळे लाल, पदर ओला. माझ्याशेजारी बसल्या.  पिशवीतून डबा काढला, उघडला, तांदळाची भाकरी मोडून तिच्यावर वालाचं कालवण घातलं आणि झाकण माझ्या हातात दिलं.

"खा," त्या म्हणाल्या. "पोरीचा ताप उतरला. कालधरनं काय खाल्लं नाय तू."

हेमू, मी तिथेच बाकावर मोठमोठ्याने रडले. येणारे-जाणारे बघत होते. ठमाबाई म्हणाल्या, "रड, पन खा."

मी खाल्लं.

ऋजूताई